नवी प्रणाली घेण्याआधी: पाणी-वीज संस्थेच्या लेखा विभागाची तयारी

निविदेचा मसुदा तूर्तास बाजूला ठेवा. आधी एक ग्राहक-बिल आणि एक कंत्राटदाराचं बिल उचला आणि दोन्ही कुठल्या टेबलावर किती दिवस पडून राहिली ते तारखांसकट लिहून काढा. प्रत्यक्ष काम बहुधा तासा-दोन तासांचं असतं, बाकी सगळी वाट पाहणी. ती वाट तशीच ठेवून संगणक आणला, तर कागदाऐवजी पडद्यावर वाट पाहावी लागेल, एवढंच.

ग्राहकाच्या बाजूचा हिशेब नीट मांडा, कारण संस्थेचा पैसा इथेच अडकतो. मीटर वाचन दर दोन महिन्यांनी होत असेल, तर वापरलेलं युनिट वाचनाच्या दिवशीच सरासरीनं ३० दिवस जुनं झालेलं असतं. पुढे बिल तयार व्हायला १२ दिवस, वाटपाला ५ आणि भरण्याची मुदत २१ दिवस धरा. शेवटच्या तारखेला इमानदारीत पैसे भरणाऱ्याकडूनही रक्कम ६८ दिवसांनी येते, आणि त्याला थकबाकी म्हणता येत नाही. यातले १२ दिवस पूर्णपणे आपल्या हातातले आहेत. वसुली मोहिमेआधी ते कमी करा. सलग तीन वेळा मीटर न वाचता सरासरीवर बिल गेलेल्या जोडण्यांची यादीही काढून ठेवा. तक्रारी, दुरुस्त्या आणि परताव्यांचं बरंचसं काम तिथूनच उगवतं.

मग उचंत खातं, म्हणजे कुठे टाकायच्या ते न ठरलेल्या रकमांचं तात्पुरतं खातं, उघडून पाहा. ग्राहक क्रमांक चुकलेले भरणे, ओळख न पटलेल्या बँक जमा, हे सगळं तिथे साचतं. प्रत्येक नोंदीपुढे वय आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. ही साफसफाई कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती 'नव्या प्रणालीत करू' म्हणून ढकलली जाते. तसं करू देऊ नका. घाण डेटा नव्या घरात गेला की जुन्यापेक्षा महाग पडतो. बँक ताळमेळ, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवणं, महिन्याऐवजी रोज करता येईल का, तेही पाहा.

खर्चाच्या बाजूला खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळतात का, एवढंच आधी तपासा. मंजुरीच्या साखळीतल्या प्रत्येकाला विचारा, 'तुम्ही नेमकं काय तपासता?' 'खालच्यानं पाहिलं असेल' असं उत्तर आलं, तर ती सही काढता येईल. मात्र पुरवठादाराची नोंद करणारा आणि पैसे सोडणारा एकच माणूस होणार नाही, एवढं सांभाळा; घाईत पहिला बळी याच नियमाचा जातो.

पूर्ण होऊनही हिशेबात 'प्रगतीपथावरील कामां'त राहिलेल्या वाहिन्या आणि पंप शोधा. पूर्णत्वाचा दाखला अभियंत्याकडे अडकला की मालमत्ता नोंदवहीत येत नाही, घसारा (तिची किंमत वर्षागणिक थोडी थोडी खर्चात धरणं) सुरू होत नाही आणि दर ठरवताना खर्चाचं चित्र चुकतं. त्यामुळे अभियांत्रिकीचा एक माणूस पहिल्या बैठकीपासूनच हवा.

शेवटी, आजचे आकडे गोठवून ठेवा: बिलाला लागणारे दिवस, उचंत खात्यातली शिल्लक, महिन्याचा हिशेब कोणत्या तारखेला बंद होतो ते. जुनी-नवी पद्धत समांतर चालवायला दोन पूर्ण बिल-आवर्तनं राखा, वर्षअखेर टाळून. आणि ज्या कारकुनाच्या खासगी वहीत सगळे अपवाद लिहिलेले आहेत, त्यांची रजा त्या काळात येत नाही ना, ते आजच विचारून घ्या.