जुनी घरजागा शोधायची तर शेजारी शोधा

घराण्याची जुनी घरजागा शोधायला निघालात तर आधी एवढंच ठरवा: घर गावठाणात होतं की रानात. आमच्या माणदेशात बऱ्याचदा दोन्ही उत्तरं खरी असतात. प्लेगच्या काळात माणसं गाव सोडून शेतात खोपटी घालून राहिली. काही परतली, काहींनी तिथंच वस्ती केली. मग घरातला एक जण म्हणतो वाडा गावात होता, दुसरा म्हणतो मळ्यात, आणि विनाकारण जुंपते. दोन जागा समजून दोन्ही शोधा.

घर रानात असेल तर कागद साथ देतो. पण आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर धरून मागं जाता येत नाही. 1947 च्या कायद्याखाली विखुरलेले तुकडे जोडायची एकत्रीकरण योजना जिथं राबवली, तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा, म्हणजे तुमचा गट कुठल्या सर्व्हे नंबरातून आला ते कळेल. मग त्या नंबराचं टिपण, म्हणजे मोजणीचा जुना कच्चा नकाशा, काढा. त्यावरची मापं साखळी-आण्यात असतात: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. सोबत जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, बघाच. वाटणीच्या फेरफारात घराचा किंवा विहिरीचा उल्लेख निघू शकतो. कागद मोडीत निघाला तर अंदाजानं वाचू नका, मोडी जाणणारा माणूस गाठा.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतोच. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही. आणि इथं माझा एकच हट्ट आहे: आजोबा-पणजोबांचं नाव शोधत बसू नका, शेजाऱ्यांची नावं शोधा. घर पडलं की काही वर्षांत वहीतून नाव जातं. शेजारी मात्र तिथंच नांदत असतात, आणि त्यांच्या जुन्या खरेदीखतात, गहाणखतात चतुःसीमा लिहिलेली असते. 'पूर्वेस अमक्याची पडकी जागा, दक्षिणेस बोळ', असं. त्यातला अमका तुमचा माणूस. असे दोन-तीन दस्त जमले की तुमची जागा चहूबाजूंनी आपोआप कोंडली जाते. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी झाली आहे. तुमच्या गावचा नकाशा तयार असेल तर या चतुःसीमा त्यावर लावून बघा.

शेजाऱ्यांची नावं कुठून आणायची? आत्याकडून. पुरुष मंडळी कोर्टकचेऱ्या सांगतात, बांधाची भांडणं सांगतात. घराचा पत्ता माहेरवाशिणीला पाठ असतो. फक्त 'घर कुठं होतं' असं विचारू नका, त्याला 'तिकडं, वरच्या आळीला' असंच उत्तर येतं. विचारा, 'पाणी कुठून आणायचीस? वाटेत कुणाकुणाची दारं लागायची?' माझ्या आत्यानं आडापर्यंतची सगळी दारं एका दमात सांगितली, कुठल्या दारातलं कुत्रं अंगावर यायचं त्यासकट. त्यातली दोन आडनावं आजही त्याच बोळात आहेत.

गावच माहीत नसेल तर घराण्यांच्या वंशावळी ठेवणाऱ्या हेळव्यांच्या किंवा तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वहीत ते सापडू शकतं. जागा मात्र तिथं कळत नाही. गाव धरणात गेलं असेल तर भूसंपादनाचा निवाडा काढा. भरपाईसाठी घरं, विहिरी, झाडं त्यात मालकवार नोंदवलेली असतात. आणि 1960 च्या दशकातली, आता खुली झालेली अमेरिकी 'कोरोना' या हेर उपग्रहांची छायाचित्रं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात एकेक घर ओळखू येईलच असं नाही, पण गावाचा आकार आणि रानातल्या वस्तीचा ठिपका दिसू शकतो.

प्रत्यक्ष जागेवर जायचं ते चैत्रात. गवत वाळलेलं असतं, आणि सकाळी किंवा उन्हं कलल्यावर तिरप्या उजेडात जोत्याची रेघ उठून दिसते. मारुती, वेस, आड या खुणा आधी पक्क्या करा, घर त्यांच्यावरून काढायचं. मातीच्या भिंती विरघळलेली जागा आजूबाजूपेक्षा पांढुरकी असते. तिथं खापरं, कौलांचे तुकडे, कधी जमिनीत पुरलेलं उखळ सापडतं. घडीव दगड जागेवर राहिले असतील अशी आशा धरू नका, ते बहुधा जवळच्या एखाद्या गोठ्याच्या भिंतीत असतात. पडक्या वाड्यात काठी आपटत चाला. धान्याचं पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार, असेल आणि वरची माती पोकळ झाली असेल तर माणूस सरळ आत जातो.

पोहोचल्या पोहोचल्या एक गोष्ट मोठ्यानं सांगा: आम्ही हक्क सांगायला आलो नाही. हातात नकाशा घेतलेला शहरातला माणूस दिसला की गाव आधी वकील आठवतं. शक्यतो भावकीतला गावचाच कुणी बरोबर घ्या, फाइल पिशवीत राहू द्या.

जागा ठरली की मारुतीचा कोपरा आणि आड, अशा न हलणाऱ्या दोन खुणांपासून टेपनं अंतर घेऊन लिहून ठेवा. फोनवरच्या लोकेशनवर भिस्त ठेवू नका. ते चार-पाच मीटर सहज सरकतं, आणि गावठाणात तेवढ्यात आपण शेजाऱ्याच्या माजघरात उभे असतो.