विषाणू पाठ करू नका, त्याला प्रश्न विचारा

तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "गोवराच्या विषाणूचा नुसता आरएनए पेशीत सोडला, तर संसर्ग होईल का?" चाळीस विषाणूंची नावं घडाघडा येत होती, पण उत्तर काही सुचेना. आता मी शिकवते, तेव्हा यादी शेवटी देते. आधी प्रश्न.

पहिला: आत काय आहे, डीएनए की आरएनए? आरएनए असेल तर धन की ऋण? इथे घाई करू नका. पोलिओ, करोना यांचा धन आरएनए म्हणजे तयार निरोप. पेशीचे रायबोसोम तो थेट वाचून प्रथिनं बनवतात. ऋण आरएनए त्यांना वाचता येत नाही. आधी त्याची धन प्रत काढावी लागते आणि ती काढणारं विकर (एन्झाइम) आपल्या पेशीत नसतंच. म्हणून गोवर, फ्लू, रेबीज यांचे विषाणू ते सोबत घेऊन येतात. म्हणजे माझ्या परीक्षेतलं उत्तर होतं "नाही"! एमआरएनए, म्हणजे रायबोसोमला वाचता येणारा निरोप, कोणत्या वाटेने तयार होतो, यावरूनच विषाणुशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ साली विषाणूंची वर्गवारी मांडली. आज तिच्यात ७ गट आहेत.

दुसरा: बाहेर मेदाचं आवरण आहे का? मुलांना ते चिलखत वाटतं. खरं तर तीच दुखरी नस. साबणाने ते विरघळतं. आवरण नसलेला नोरोव्हायरस जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही, त्याच्यापुढे अल्कोहोलचं सॅनिटायझर कमी पडतं.

तिसरा: येऊन जातो की मुक्काम ठोकतो? फ्लू सहसा जातो. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या पेशींत दडून बसतो आणि कित्येक वर्षांनी नागीण होऊन उठतो.

शरीर विषाणूचा प्रतिकार कसा करतं, हे शिकताना वहीत वेळेची रेघ ओढा. काही तासांत इंटरफेरॉन: हे प्रथिन सोडून बाधित पेशी शेजारच्या पेशींना सावध करते (शोध: आयझॅक्स आणि लिंडेनमन, १९५७). काही दिवसांनी मारक टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी). प्रतिपिंडांत आधी आयजीएम हा प्रकार, मग आयजीजी. प्रतिपिंडं मुख्यतः पेशीबाहेरचा विषाणू धरतात, आत शिरलेल्याचा कारखाना टी पेशी मोडतात.

आता रेबीज या रेघेवर मांडून पाहा. चाव्यापासून मेंदूपर्यंत तो मज्जातंतूंतून जातो, त्याला बहुधा काही आठवडे लागतात. चावल्यानंतर लगेच घेतलेल्या लसीने बनणारी प्रतिपिंडं तो मेंदूत पोहोचण्याआधी तयार होऊ शकतात, ती यामुळेच.