मोपा ते अगत्ती: निघण्यापूर्वीची तयारी

गोव्यातल्या मोपापासून लक्षद्वीपमधल्या अगत्तीपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. या मार्गावर फ्लाय९१ या विमान कंपनीने २०२४ मध्ये सेवा सुरू केली. त्यांचं एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी साधारण पाचशे किलोमीटर जातं. म्हणजे हवेत सव्वा तास, आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं धरून दीड ते पावणेदोन तास. मात्र एवढ्यावर सहलीचा बेत आखू नका, कारण वेळ खाणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिलं काम परवान्याचं. लक्षद्वीपला आपल्या भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि तो हातात आल्याशिवाय तिकीट असून उपयोग नाही. ओळखपत्र, फोटो, पोलीस पडताळणीचा दाखला आणि राहण्याची सोय कुठे आहे त्याचा कागद, ही जुळवाजुळव निदान महिनाभर आधी सुरू करा. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात फेऱ्या पडतात, हे गृहीत धरलेलं बरं. परवान्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही बघा. परवान्याच्या दोन छापील प्रती जवळ असू द्या.

मग तिकीट. वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, म्हणून कुठे वाचलेल्या वारांवर न जाता कंपनीकडेच खात्री करा. गोव्यात विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका, दोन्हींत पन्नासेक किलोमीटरचं अंतर आहे. सिंधुदुर्गातून येणाऱ्यांना मोपा सोयीचं, सावंतवाडी-बांद्याहून तर अगदीच जवळ.

आता अगत्तीची धावपट्टी, कारण सगळं गणित तिथे अडतं. बेट चिंचोळं, त्याच्या दक्षिण टोकाला जेमतेम बाराशे मीटरची पट्टी, आणि दोन्ही बाजूंना समुद्र. मोठी जेट विमानं तिथे उतरूच शकत नाहीत. एटीआरसाठीही वजनाला किंमत असते, म्हणून सामानाची मर्यादा तिकिटावर नीट वाचा आणि बॅग घरीच काट्यावर ठेवा. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तेव्हा हातातली पिशवी मऊ आणि छोटी घ्या. शक्य असेल तर खिडकीच मागा. या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. उतरताना गडद निळं पाणी एकदम फिकट हिरवं होतं, ती प्रवाळाची कड. ते पाहण्यासारखं आहे.

पाऊस आडवा आला किंवा ढग खाली उतरले की असं विमान खोळंबतं, कधी रद्दही होतं. म्हणून परतीच्या दिवशी संध्याकाळची कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेस धरायचा हट्ट करू नका. मध्ये एक अख्खा दिवस मोकळा सोडा आणि त्या मुक्कामाचे पैसे आधीच वेगळे काढा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि बेटाबेटांमधल्या होड्यांचं काही खरं नसतं.

नेहमीची औषधं दोन-तीन दिवस जास्तीची घ्या. गंभीर आजारी माणसाला तिथून हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं, त्यामुळे हृदयविकार किंवा शेवटच्या महिन्यांतलं गरोदरपण असेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलूनच ठरवा. रोख रक्कम जवळ ठेवा, एटीएमच्या भरवशावर राहू नका. फोनला रेंज मिळेलच असं धरू नका, तिकीट आणि परवाना फोनमध्ये उतरवून ठेवा. दारू नेऊ नका, तिथे बंदी आहे. येताना प्रवाळाचा तुकडाही बॅगेत टाकू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ही बेटं उभी आहेत ती त्याच प्रवाळावर.

बंगाराम या जवळच्या बेटावर पुढे जायचं असेल तर अगत्तीहून होडी असते. विमान उशिरा आलं तर ती थांबते का आणि नाही थांबली तर रात्र कुठे काढायची, हे तिथल्या माणसाला आधी फोन करून विचारा आणि त्याचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा.