प्राण्यांचा वाद्यवृंद: मुलांसोबत वाजवताना या चुका टाळा

हत्तीला ढोल, घोड्याला करवंट्या, रातकिड्याला कंगवा. वाटप होतं आणि मिनिटभरात नुसता कल्लोळ! मुलांचा एकेक गट एकेक प्राणी होतो आणि वाद्यावर त्याचा आवाज काढतो, असा हा तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा खेळ. तो फसला, तर कारण बहुतेक वेळा मोठ्यांच्या तयारीत सापडतं. खालचं प्रत्येक उपशीर्षक म्हणजे अशीच एक चूक.

आधी वाद्य, मग सूचना

हातात वाद्य आलं की मूल वाजवणारच. त्याला तेव्हा "थांब" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून पहिल्या फेरीत हात रिकामे ठेवा. घोडा मांडीवर टपटप, सुतारपक्षी बोटांनी जमिनीवर टकटक, हत्ती पायांनी धप्प. सगळ्यांनी सगळे प्राणी करून पाहिले की वाद्यं मुलांसमोर जमिनीवर ठेवा. "प्राणी झोपले" म्हटलं की वाद्य खाली, हात मांडीवर. ही खूण एकही ठोका न वाजवता तीन-चार वेळा घोटून घ्या.

सगळे एकदम सुरू

सर्वांत जास्त बिघडतं ते इथे. गिबन वानरांची जोडी गाते तेव्हा नर-मादीचे सूर एकमेकांत गुंफलेले असतात. बेडकांच्या कित्येक जातींत नर शेजाऱ्याच्या आवाजाशी टक्कर टाळून ओरडतात. मुलांना हे जरूर सांगा, कारण "आपली पाळी" हा नियम त्यांना बेडकाकडून लगेच पटतो.

आधी फक्त घोडे, आठ मात्रा (म्हणजे आठ सारखे ठोके). ते चालू असतानाच हत्ती, पण दर चार मात्रांतल्या पहिल्या ठोक्यावरच. मग रातकिडा, आणि शेवटी उलट्या क्रमाने एकेक गट बाहेर. पहिल्या दिवशी आठ-दहा मुलांत तीनच प्राणी घ्या. कोणत्याही गटाला 16 मात्रांपेक्षा जास्त ताटकळत ठेवू नका. त्यानंतर हात आपोआप वाद्याकडे जातो.

सोपं जावं म्हणून लय संथ

मोठ्यांना संथ लय सोपी वाटते, लहानांना ती अवघड जाते. दोन ठोक्यांत अंतर फार पडलं की मूल मधेच वाजवून मोकळं होतं. मिनिटाला साधारण 120 ठोके, म्हणजे सेकंदाला दोन, ही लय बहुतेकांना पेलते. हत्ती संथ दाखवायचा असेल तर लय तीच ठेवा, त्याचे ठोके कमी करा.

सोबत गाणार असाल तर पट्टीही बघा. मोठ्यांच्या खालच्या पट्टीत मुलं गात नाहीत, नुसती बोलतात. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन (सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी) हा सा धरून सा ते प एवढ्यातच चाल ठेवा.

आवाज एक, प्राणी दुसरा

रातकिडा पाय घासतो असं सर्रास सांगितलं जातं. तो पंखावर पंख घासतो. पाय पंखावर घासतात ते नाकतोडे. म्हणून रातकिड्यासाठी कंगव्याच्या दातांवरून पेन्सिल फिरवणं अगदी चपखल. सुतारपक्ष्याला लाकडी ठोकळे द्या, ढोल नको.

खुळखुळा घरी केला आणि वाजतच नाही? बाटली गच्च भरली असणार. आतल्या दाण्यांना उसळायला जागा हवी, म्हणून एक तृतीयांशच भरा. झाकण गोंदाने चिकटवून वर चिकटपट्टी गुंडाळा आणि दर वेळी वापरण्याआधी ओढून पाहा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती असा खुळखुळा देऊच नका. झाकण निघालं तर दाणा घशात अडकू शकतो.

कान झाकणाऱ्या मुलाला आग्रह

बंद खोलीत धातूची ताटं, झांजा सर्वांत बोचतात. त्या आधी काढून टाका. तरीही मूल मागे सरकलं तर त्याला वाद्य नको, खूण द्या: त्याने हात वर केला की प्राणी जागे, खाली केला की झोपले. आवाज केव्हा थांबेल हे त्याच्याच हातात असलं की त्याची भीती बरीच कमी होते. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याने स्वतःहून वाद्य मागितलं तर पहिल्यांदा कंगवा द्या. सगळ्यांत हळू आवाज त्याचाच असतो.