तासाच्या शेवटची चिठ्ठी

"समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्या "हो"वरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा तास संपायच्या पाच मिनिटं आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहा आणि पाव पानाच्या चिठ्ठीवर उत्तर मागा.

प्रश्नात "का" हवाच. "०.३५ मोठं की ०.४? का?" हा "का" गाळलात तर निम्मी मुलं अंदाजानेच बरोबर ठरतील. कारण मागितलं की एखादा लिहितो, "३५ हे ४ पेक्षा मोठे." दुसरी ०.४ असं बरोबर लिहिते, पण कारण देते, "आकडे कमी, म्हणून मोठं." खरी काळजी हिची करा, ०.४५ आणि ०.३ दिलेत की ती ०.३ मोठं म्हणणार.

चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: कारणासकट बरोबर, कारणाशिवाय किंवा भलत्याच कारणाने बरोबर, आणि चूक. गुण देऊ नका. दिलेत की परीक्षा झाली, मग मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितात. नाव लिहायची सक्तीही नको. (अक्षर तुम्ही ओळखालच, पण तसं दाखवू नका.)

दुसऱ्या दिवशी दोन चुकीची कारणं तुमच्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि विचारा, "असं का वाटलं असेल?" मग निदान तीन सेकंद गप्प राहा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना वर्गांच्या निरीक्षणात आढळलं होतं की शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात. कुणीतरी म्हणेल, "०.४ला ०.४० लिही." तेवढ्यावर सोडू नका, ती नुसती युक्तीही असू शकते. १० × १० चौकटींच्या जाळीत एकाला ३५ चौकटी रंगवायला द्या, दुसऱ्याला ४ पूर्ण रांगा, आणि त्यांनाच एकमेकांना समजावू द्या.

एकच चूक बऱ्याच चिठ्ठ्यांत दिसली तर आधी स्वतःचं बोलणं तपासा. तुम्ही "शून्य पॉइंट पस्तीस" म्हणत असाल, तर मुलांनी पस्तीसच ऐकलंय. "शून्य पॉइंट तीन पाच" म्हणायला लागा आणि आठवड्याने तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा द्या.

आठवड्यातून दोन चिठ्ठ्या पुरे. रोज घेतल्या तर मुलं उरकतात, आणि तुम्हीही न वाचता ठेवून देता.