प्रगतीपुस्तकातल्या श्रेणी वाचताना या चुका टाळा (सहावी ते आठवीच्या पालकांसाठी)

पालकसभेला बाकावर बसायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, "मॅडम, हे ब-२ म्हणजे किती टक्के?" मी सांगते, ६१ ते ७०. ऐकलं की पालकांचा जीव भांड्यात पडतो, सही होते आणि प्रगतीपुस्तक परत माझ्या हातात येतं. आत काय लिहिलंय ते वाचायला थांबणारे पालक अख्ख्या वर्गात चार-पाच. मी सातवी-आठवीला गणित शिकवते आणि दरवर्षी हेच बघते, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्रेणीला एकच आकडा समजणं. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात श्रेणी दोन भागांची मिळून बनते. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, तोंडी काम, प्रकल्प, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, छोट्या चाचण्या वगैरे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, मुख्यतः लेखी. सातवी-आठवीत आकारिकला ४० आणि संकलितला ६०. आता माझ्याच वर्गातली दोन मुलं घ्या. एका मुलाला आकारिकमध्ये ४० पैकी ३७, संकलितमध्ये ६० पैकी २५, एकूण ६२. शेजारच्या बाकावरच्या मुलीला आकारिक २३, संकलित ३९, तिचेही ६२. दोघांच्या पुस्तकात ब-२. मुलीला गणित येत होतं, ती तोंडीला गप्प बसायची आणि घरी धाकट्या भावाला सांभाळायचं असल्यामुळे स्वाध्याय अर्धे राहायचे. मुलाचं उलटं होतं आणि तेच मला तेव्हा दिसलं नाही.

त्याचा पायथागोरसचा प्रकल्प अजून डोळ्यासमोर आहे, पुठ्ठ्यावर तीन रंगांचे चौरस, बाजू ३, ४, ५, सगळं कसं सुबक. विचारलं तर घडाघडा सांगायचा, "९ अधिक १६ बरोबर २५." मी मार्क दिले, भरभरून दिले. घरचे ब-२ वर खूश. आठवीतही तसंच गेलं. मग तो नववीत गेला, तिथे लेखीचं वजन एकदम वाढतं, आणि पहिल्या सत्रात बीजगणितात ४० पैकी ७. त्याची आई प्लास्टिकच्या पिशवीत पाचवीपासूनची सगळी प्रगतीपुस्तकं घेऊन आली, माझ्यासमोर ओळीने मांडली आणि म्हणाली, "मॅडम, यात कुठे चुकलं ते तुम्ही दाखवा." सातवीच्या पुस्तकावर वर्गशिक्षक म्हणून माझीच सही होती. मी त्याला बोलावून कर्ण १३ आणि एक बाजू ५ दिली आणि दुसरी बाजू काढायला सांगितली. त्याने १६९ आणि २५ ची बेरीज केली, १९४ लिहिलं आणि माझ्याकडे बघत राहिला. वजा करायचे होते. ३-४-५ चा प्रकल्प त्याला पाठ होता, नियम कळलेलाच नव्हता, आणि माझ्या ३७ मार्कांनी ते दोन वर्षं झाकून ठेवलं.

तेव्हापासून पालकांना मी एकच सवय लावायला सांगते. बऱ्याच प्रगतीपुस्तकात नुसती श्रेणी असते, पण वर्गशिक्षकांकडे आकारिक-संकलित वेगवेगळं लिहिलेलं असतंच, ते मागा, अगदी हक्काने मागा. श्रेणीशेजारी पेन्सिलने दोन्ही आकडे लिहा आणि दोघांचे टक्के काढा. वरच्या मुलाचे आकारिकचे ९२ आणि संकलितचे ४२ टक्के होतात. एवढी दरी दिसली की त्या विषयाचा पेपर बघायला मागायचा, बाकी काही करण्याआधी. माझा स्वतःचा अंदाज असा की वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत फरक असेल तर काळजी नको.

आणि रेडिमेड प्रकल्प आणून देणं बंद करा. स्टेशनरीच्या दुकानातून तयार चार्ट आणायचा, वर नाव लिहायचं, आकारिकचे मार्क पदरात पडले की झालं, यात मुलाचंच नुकसान आहे. वाकडातिकडा का होईना, त्याने केलेला चार्ट मला चालतो.

सहावीतून सातवीत गेल्यावर श्रेणी घसरली म्हणून मुलाला ओरडणं ही दुसरी चूक, आणि हीसुद्धा जवळजवळ प्रत्येक वर्षी होते. पाचवी-सहावीत आकारिक-संकलित ५०-५० असतं, सातवीत ४०-६० होतं. सहावीत ज्याला ४६ आणि २५ होते त्याचे ७१ झाले, म्हणजे ब-१. तोच मुलगा तेवढाच अभ्यास करून सातवीत ३७ आणि ३० मिळवतो, ६७ होतात, ब-२. पोरगं तेच आहे, मोजमाप बदललं. लेखीची सवय वाढवायला हवी हे खरं, पण "सातवीत गेलास आणि उनाड झालास" हे ऐकून ते बिचारं गोंधळतं, कारण त्याने काहीच वेगळं केलेलं नसतं.

श्रेणीच्या कडेला असलेल्या मुलांचंही असंच. ८० ला ब-१, ८१ ला अ-२. एका मार्कासाठी मावसभावाशी तुलना करू नका.

वर्णनात्मक नोंदी न वाचणं. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, अशा तीन जागा असतात आणि मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात कामाची गोष्ट तिसऱ्या जागेत असते. "ऋण संख्यांच्या गुणाकारात चिन्हाची चूक होते" असं लिहिलेलं असेल तर घरी रोज पाच उदाहरणं, पंधरा दिवस, बास. पण "अभ्यासात सातत्य ठेवावे" असं सगळ्या विषयांना सारखंच लिहिलेलं दिसलं तर बाईंना किंवा सरांना नम्रपणे विचारा, नेमकं कशात? आम्हा शिक्षकांनाही अशा पालकांमुळे नोंदी मन लावून लिहायची सवय लागते, मला तरी लागली.

पायाभूत चाचणीत कमी मार्क पडले म्हणून घाबरणं. ती मागच्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते, मागचं किती पक्कं आहे ते बघायला. कमी पडले तर मागच्या वर्षीचं पुस्तक काढा, माळ्यावर टाकलं असेल तर खाली आणा.

"आठवीपर्यंत नापास करतच नाहीत" हे अजून ऐकायला मिळतं. आता तसं नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आठवीत प्रत्येक विषयाची लेखी ६० गुणांची, त्यात ३५ टक्के म्हणजे २१ लागतात, नाहीतर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. सातवीच्या पालकांनी हे आत्ताच लक्षात घ्यावं.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी क्लास लावणं मला अजिबात पटत नाही. कशात अडलंय हे माहीत नसताना क्लासचे सरही पहिल्या धड्यापासूनच सुरू करणार, आणि ज्या पोराला फक्त व्यस्त चलन कळलेलं नाही ते वर्षभर संध्याकाळी सहा ते आठ बसून येणार. आधी पेपर बघा, पेपरच.

तो पायथागोरसच्या प्रकल्पाचा मुलगा नंतर तीन महिने मधल्या सुट्टीत माझ्याकडे येत होता, सातवीचं पुस्तक घेऊन. मार्क मी दिले होते, तेव्हा वेळही मीच द्यायला हवा होता. दुसऱ्या सत्रात बीजगणितात ४० पैकी १९ पडले, तेव्हा त्याच्या आईने श्रेणीबिणी काही विचारली नाही, सरळ म्हणाली, "पेपर बघू द्या."