शेवरोले सी-१० च्या केबिनचे गंजलेले कोपरे
१९६७ ते १९७२ च्या सी-१० पिकअपमध्ये केबिनचे मागचे खालचे कोपरे आतून कुजतात. पाणी जायची भोकं मातीनं बुजतात, ओल आत साठते. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आतला पत्रा चाळणी झालेला असतो. म्हणून फोडाच्या कडेनं कापू नका. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचत कडक पत्र्यापर्यंत जा आणि त्याच्याही २ सेंमी पुढे कापा.

त्याआधी पेट्रोलची टाकी! या गाड्यांत ती सीटमागे, केबिनमध्येच असते. ती काढून लांब ठेवल्याशिवाय ग्राइंडरसुद्धा चालवायचा नाही.

ठिगळाचा पत्रा साधारण १ मिमी जाडीचा घ्या. कडा एकमेकींवर चढवू नका, त्या सांध्यात पुन्हा पाणी धरतं. समोरासमोर बसवून जेमतेम १ मिमी फट ठेवा. मिग वेल्डिंगला (यात तार यंत्रातून आपोआप पुढे येते) ०.६ मिमी तार पुरते. वेल्डिंग सलग ओढलंत तर पत्रा गार होताना आकसतो आणि लाटा पडतात. एक टाका इथे, दुसरा लांब. हात टेकवता आला की मगच शेजारचा. टाके घासून सपाट केले की मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून सांध्यावर हातोडीनं हलके ठोके द्या, आकसलेला पत्रा परत सैल होतो. जवळचे पोचेही असेच हातोडी-डॉलीनं काढा, लांबीनं (पुट्टीनं) बुजवू नका. वर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा गंजरोधक थर), मग उरलेल्या उंचसखलपणापुरती लांबी, जास्तीत जास्त ३ मिमी जाड.

रंग वाळल्यावर कोपऱ्याच्या आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंजरोधक मेण) फवारा आणि खालची भोकं तारेनं मोकळी करा.